भरल्या अंगाची माणसं लिहिताना

मराठी कथेत लठ्ठ माणूस येतो तो बहुधा दोनच कामांसाठी: लोकांना हसवायला, नाहीतर गरिबाची जमीन गिळायला. तिसरं काम त्याच्या वाट्याला क्वचितच येतं. प्रत्यक्षात भरल्या अंगाची कितीतरी माणसं आपण रोज पाहतो. कुणी आलं की खोलीतला गलका आपोआप खाली येतो, कुणाच्या शेजारी बसलं की धीर येतो, कुणाचा शब्द गावात मोडला जात नाही. हीच माणसं कागदावर आली की ढेरपोटी आणि हास्यास्पद होऊन जातात, कारण लिहिणारा त्यांचा घेर मोजत बसतो.

भारदस्तपणा घेरातून येत नाही. माणूस स्वतःचा देह कसा वागवतो आणि भोवतालची माणसं त्या देहाशी कशी वागतात, यातून तो दिसतो. कथा, व्यक्तिचित्र, गौरवलेख, मृत्युलेख, काहीही लिहा, हे धरून चाललात तर पुढच्या पायऱ्या सोप्या जातील.

पहिली पायरी: नजर कुणाची ते ठरवा

वर्णनाला हात घालण्याआधी हा देह कोण पाहतंय ते ठरवून टाका. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ या नाटकाच्या पहिल्या भागात सापडतं. नाटक १५९७ च्या सुमाराचं. दुसऱ्या अंकात गुत्त्यातला प्रवेश आहे. राजपुत्र हॅलला दुसऱ्या दिवशी बापासमोर उभं राहायचं आहे, म्हणून त्याची रंगीत तालीम चालली आहे. आधी त्याचा लठ्ठ साथीदार फॉलस्टाफ राजा होतो आणि राजाच्या तोंडून स्वतःचंच वर्णन करतो: देखणा, भरल्या अंगाचा, हसतमुख, नजर प्रसन्न, चालण्यात खानदानी डौल. मग जागा बदलतात, हॅल राजा होतो, आणि त्याच देहाला तो पिंप म्हणतो, आतड्यांनी ठासलेलं गाठोडं म्हणतो, पोटात सारण भरून भाजलेला बैल म्हणतो. गुत्ता तोच, माणूस तोच, मध्ये जेमतेम काही मिनिटं गेलेली. देहात तसूभर फरक पडलेला नाही. बदलली आहे ती फक्त पाहणाऱ्याची नजर.

यावरून एक सराव करून पाहा. एक माणूस घ्या आणि त्याला तीन जणांच्या तोंडून बोलतं करा. समजा, निवृत्त हेडमास्तर.

शिंपी म्हणेल, “मास्तरांचं कापड कापताना मी घाई करत नाही. इतक्या वर्षांत खांदा तोच आहे, पोट तेवढं पुढे आलंय.”

नात म्हणेल, “आजोबांच्या मांडीवर दोघांना जागा होते. मला आणि मांजराला.”

जुना विद्यार्थी म्हणेल, “सर वर्गाच्या दारात उभे राहिले की आतला उजेड कमी व्हायचा. मग ते बाजूला व्हायचे आणि हजेरी सुरू व्हायची.”

तिघांनीही ‘जाड’ हा शब्द वापरलेला नाही, तरी मास्तरांचा आकार कळतो. शिवाय मास्तरांइतकाच बोलणाराही कळतो. ज्या वर्णनातून पाहणारा कळत नाही, ते वर्णन बहुतेकदा लेखकाच्या आळसातून आलेलं असतं. त्रयस्थ निवेदन असलं तरी त्या क्षणी निवेदक कुणाच्या खांद्यामागे उभा आहे, ते तुम्हाला ठाऊक हवं.

दुसरी पायरी: शब्द वेगवेगळे करून ठेवा

मराठीत अंगाच्या भरदारपणासाठी शब्दांचा तुटवडा नाही. घोटाळा होतो तो सगळे एकाच पोत्यात भरल्यामुळे.

गलेलठ्ठ, थुलथुलीत, ढेरपोट्या, लठ्ठंभारती, अगडबंब हे शब्द हिणवण्यासाठीच आहेत. पात्राच्या तोंडी खुशाल घाला, निवेदनात टाळा. गुटगुटीत, गुबगुबीत, बाळसेदार हे शब्द तान्ह्या पोरांचे. मोठ्या माणसाला लावले की लाड तरी दिसतो किंवा कुचेष्टा तरी. धिप्पाड, दांडगा, आडदांड, धष्टपुष्ट यांत ताकद आहे, पण आडदांड माणूस दांडगाई करणारच अशी वाचकाची समजूत होते, तेव्हा शांत स्वभावाच्या पात्राला तो लावू नका. ‘स्थूल’ला दवाखान्याचा वास येतो. ‘जाड’ रोजच्या बोलण्यातला आहे, घरातल्या माणसाने म्हटलं तर खपून जातो, परक्याने म्हटलं तर लागतो.

दोंद, ढेरी आणि पोट यांतही अंतर आहे. गणपतीला दोंद असतं, ढेरी नसते. ‘ढेरी सुटली’ म्हटलं की चेष्टा आलीच.

खरा उपयोग होतो तो बोलीतल्या धडधाकट प्रयोगांचा. हाडापेराने मोठा, दुहेरी हाडाचा, अंगापिंडाने भरलेला, उंचापुरा, आडव्या अंगाचा. यांत निवाडा नाही, नुसती बांध्याची नोंद आहे. आजीने स्थळाचं वर्णन करताना ‘मुलगी दुहेरी हाडाची आहे’ म्हटलं तर त्यात कौतुक किती आणि काळजी किती, हे आवाजावरून ठरतं. लेखकाला असे शब्द सोन्यासारखे वाटले पाहिजेत.

आणि भारदस्त, रुबाबदार, प्रभावी? हे शब्द म्हणजे निष्कर्ष. वाचकाने स्वतः काढायचा निष्कर्ष तुम्ही आधीच त्याच्या हातात दिलात, तर पाहायला त्याच्याकडे काही उरत नाही. एका व्यक्तिचित्रात ‘भारदस्त’ एकदाच वापरा, तोही शक्यतो दुसऱ्या पात्राच्या बोलण्यात.

तिसरी पायरी: हे अंग कशाने भरलं ते शोधा

प्रत्येक भरदार शरीरामागे काही वर्षांची हकिगत असते. ती हकिगत तुम्हाला माहीत असली की तपशील आपोआप नेमके येतात.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या लेखकाला वयस्क पैलवान शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच्याकडे नीट पाहा. कान मोडलेले, कुस्तीत घासून घासून पाकळी बुजून गेलेली. मान डोक्याइतकीच रुंद. दंड बरगड्यांना टेकत नाहीत, म्हणून चालताना हात अंगापासून सुटे राहतात. मेहनत सुटली आणि खुराक तोच राहिला, की छाती हळूहळू खाली उतरते आणि पोट पुढे येतं. इथपर्यंत कुणीही लिहील. पण हाच माणूस जमिनीवर बसताना हात न टेकता थेट मांडी घालतो. साठीतला, एवढ्या वजनाचा माणूस. हा एक तपशील दिलात की त्याच्या देहात अजून तालीम जिवंत आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पेढीवरच्या व्यापाऱ्याचं वजन पोटावर साठतं, पाय मात्र काटकुळे राहतात. एक गुडघा वर, एक मांडी खाली, कोपर लोडावर अशी त्याची बैठक असते आणि आवाज बारीक असतो, कारण ओरडायची गरज त्याला कधी पडलीच नाही. कढईतलं दूध आटवणाऱ्या हलवायाचं पोट असतं तसेच मनगटापासून कोपरापर्यंतचे हातही कसलेले असतात. बाळंतपणांनी भरलेलं अंग वेगळं, संधिवाताने हालचाल कमी झाल्यावर भरलेलं वेगळं, थायरॉइडने किंवा औषधांनी सुजल्यासारखं झालेलं त्याहून वेगळं. शेवटच्या प्रकारात तर माणूस बिचारा निम्मं जेवत असतो. लठ्ठ म्हणजे खादाड हे समीकरण इथेच मोडतं आणि ते तुम्ही मोडलंच पाहिजे, कारण असं अंग घेऊन जगणाऱ्या माणसाला तो टोमणा रोज ऐकावा लागतो.

चौथी पायरी: देह हलू द्या

साऱ्या लेखात ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

दासबोधाच्या पहिल्या दशकातलं गणेशस्तवन उघडा. समर्थांना गणपतीचं मोठं पोट दाखवायचं आहे. ते म्हणतात:

चतुर्भुज लंबोदर। कासे कासिला पितांबर। फडके दोंदिचा फणीवर। धुधुःकार टाकी॥

‘लंबोदर’ हे नाव घेतलं आणि पोटाच्या आकाराबद्दल पुढे अवाक्षर नाही. पुढचं सगळं लक्ष त्या पोटाला वेढून बसलेल्या नागावर आहे. तो फूत्कार टाकतो, डोकं डोलवतो, जीभ लवलवतो, वेटोळं घालून बसतो आणि नाभीपाशी उभारून टकमका पाहतो. दोंद केवढं असेल ते आपण त्या नागाच्या हालचालींवरून जाणतो. या ओव्यांत पोटाचं वर्णन नाही, पोटावर चाललेल्या गोष्टीचं वर्णन आहे. त्याच स्तवनात हा एवढा देह नाचू लागतो, तेव्हा सगळे देव तटस्थ होऊन पाहत राहतात. पायांत नूपुरं रुणझुणतात. प्रचंडपणा आणि पदन्यासाचा हलकेपणा एकमेकांना लागून ठेवले आहेत. हसू येत नाही, हात जोडले जातात.

आता थेट व्हिक्टोरियन इंग्लंडात या. विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ ही कादंबरी १८५९-६० मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यातला काउंट फॉस्को प्रचंड लठ्ठ आहे आणि खलपुरुष आहे. लेखकाने त्याला दोन गोष्टी दिल्या आहेत. एक, तो पावलांचा आवाज न करता, अगदी हलक्या चालीने वावरतो. दुसरी, त्याने पांढरे उंदीर पाळले आहेत. ते त्याच्या अंगावर खेळतात, वेस्टकोटात शिरतात आणि बाहेर येतात. त्या भल्या थोरल्या देहावर फिरणारे ते चिमुकले जीव पाहून वाचकाच्या अंगावर काटा येतो.

समर्थ आणि कॉलिन्स यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. एकाला भक्ती जागवायची आहे, दुसऱ्याला भीती. तरी दोघांनीही मोठ्या देहावर एक छोटा, जिवंत, हलता जीव ठेवला. ही युक्ती घेण्यासारखी आहे. तुमच्या पात्राजवळ नाग किंवा उंदीर नसला तरी खांद्यावर झोपलेलं पोर असेल, बोटावर बसलेला पोपट असेल, तळहातावर काढून घेतलेला मुंगळा असेल. मोठ्या माणसाचे छोट्या गोष्टींशी व्यवहार लिहा: सुईत दोरा ओवणं, देवाच्या फुलांतून किडकं फूल वेचून काढणं, चष्म्याचा स्क्रू पिळणं.

विरोधाचं आणखी एक धीट उदाहरण घराघरांत रोज म्हटलं जातं. भीमरूपी स्तोत्रात मारुती ‘पर्वताऐसा’ आहे आणि लगेच ‘नेटका सडपातळू’ही आहे. लहानपणी म्हणताना खटकत नाही. मोठेपणी थांबून पाहिलं तर समर्थांचं धाडस लक्षात येतं. प्रचंड माणूस नेटका असू शकतो, चपळ असू शकतो. ‘मोठा’ म्हटलं की ‘मंद’ लिहायची सवय हातातून काढून टाका.

उभं राहणं हीसुद्धा हालचालच. इजिप्तमधल्या सक्कारा इथे १८६० मध्ये ओग्यूस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाच्या उत्खननात का-आपेर नावाच्या अधिकाऱ्याचा लाकडी पुतळा सापडला. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. गोल चेहरा, भरलेलं पोट, हातात काठी, डावं पाऊल पुढे. तो बाहेर निघाला तेव्हा खोदणारे मजूर म्हणाले, हा तर आमचा गावप्रमुख, आणि ‘शेख अल-बलद’ हेच नाव त्याला चिकटलं. नुसत्या पोटावरून गावप्रमुख ओळखला गेला नसता. ते पोट घेऊन पाऊल पुढे टाकण्याची जी खात्री त्या पुतळ्यात आहे, ती मजुरांनी रोज पाहिलेली होती. तुमचं पात्र वजन कुठल्या पायावर टाकतं, उठताना आधी काय हलतं, दम लागला की तो लपवतं की खुशाल घेतं, हे टिपून ठेवा.

पाचवी पायरी: कपडे, वस्तू आणि शेजारी

खुर्ची करकरणं, शर्टाचं बटण तुटणं, तराजूचा काटा फिरणं: हे विनोद वापरून वापरून मेले आहेत. पात्राला मान द्यायचा असेल तर त्यांतला एकही नको.

कपड्यांकडे वेगळ्या अंगाने पाहा. भरदार माणसाच्या अंगावर बेतून शिवलेला कपडा असेल तर त्याला स्वतःबद्दल आदर आहे हे एका ओळीत कळतं. मापाचा कोट, चापूनचोपून नेसलेलं नऊवारी, खांद्यावर नीट घडी केलेलं उपरणं. उलट ताणलेला, आखूड कपडा गरिबी दाखवतो, निष्काळजीपणा दाखवतो किंवा वजन नुकतंच वाढल्याचं सांगतो. यातलं काय सांगायचंय ते ठरवूनच तो वापरा.

कपड्याने देह झाकून त्याचा भार कसा राखावा, हे फ्रेंच शिल्पकार रोदँने कादंबरीकार बाल्झाकच्या पुतळ्यात दाखवलं. फ्रेंच लेखकसंघाने १८९१ मध्ये त्याला हे काम दिलं. बाल्झाक बुटका आणि पोट सुटलेला होता. रोदँने बरेच कच्चे नमुने केले आणि शेवटी बाल्झाक रात्री लिहायला बसताना घालायचा तसल्या लांब झग्यात सगळा देह गुंडाळला. वर उरलं ते मागे रेललेलं डोकं. १८९८ मध्ये तो मांडला गेला तेव्हा टीकेची झोड उठली आणि संघाने पुतळा नाकारला. ब्राँझचा पुतळा पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला तो १९३९ मध्ये, रोदँच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. त्या पुतळ्यात पोट दिसत नाही, पण माणसाचं वजन पुरेपूर जाणवतं. लेखकानेही कधी कधी असंच करावं, देहाचा एकही अवयव न सांगता फक्त त्याची उभी आकृती द्यावी.

शेजाऱ्यांचं वागणं हा आणखी सोपा मार्ग. हे पाहा:

नाना एसटीत चढले. तिसऱ्या बाकावरच्या पोराने दप्तर मांडीवर घेतलं, त्याच्या पलीकडच्याने खिडकीकडे सरकून घेतलं. नाना बसले, धोतराचा सोगा आवरला आणि दोघांकडे पाहून म्हणाले, “जमतंय ना रे? नाहीतर उभा राहतो थोडा वेळ.”

जागा न मागता मिळाली. मिळाल्यावर नानांनी ती गृहीत धरली नाही. नानांचा मान या दोन गोष्टींत आहे. पोराने नाक मुरडून दप्तर उचललं असतं तर वेगळीच कथा झाली असती, आणि नाना काहीच न बोलता फतकल मारून बसले असते तर आणखी तिसरी.

सहावी पायरी: बाईचं वर्णन त्याच मापाने करा

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. पुरुषाचं पन्नाशीत पोट पुढे आलं की आपलं लेखन त्याला भारदस्त म्हणतं. बाईचं अंग भरलं की ती ‘सुटलेली’ असते. पाटील, वकील, गवई, पुढारी यांच्या देहाला मान, आणि त्यांच्याच वयाच्या बायकांच्या देहावर एक तर विनोद किंवा हळहळ: ‘एके काळी किती सुंदर होती.’ हा अन्याय आहे आणि तो लिहिणाऱ्या बायकांच्याही हातून होतो.

उपाय साधा आहे. परिच्छेद लिहून झाला की नाव आणि क्रियापदं बदलून तो पुरुषाला लावून पाहा. पुरुषाबद्दल वाचताना विचित्र वाटलं, तर बाईबद्दलही तो तसाच विचित्र आहे. बाईच्या बाबतीत देह तरुणपणाच्या मापाने मोजणं थांबवा. आता ती त्या देहाने काय करते ते लिहा.

मुंबईत ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव चालतो. तिथली एखादी कोळीण घ्या:

आक्का घोळक्यात घुसल्या नाहीत. त्या आल्या तशी माणसं अर्धं पाऊल मागे झाली. दोन्ही हात कमरेवर, कोपरं बाहेर, पावलं ओल्या फरशीवर घट्ट. दंडावरची वाकी लग्नातली, आता निघत नव्हती आणि काढायचा विचारही नव्हता. तिघांच्या बोली होईपर्यंत त्या गप्प होत्या. मग हनुवटी जराशी वर करून त्यांनी आकडा सांगितला आणि पाटी उचलायला पोराला खूण केली. पुढे कुणी बोललं नाही.

रुतलेली वाकी सांगते की अंग भरलं आहे. पण त्याच वाकीतून लग्न, वय, सोनं आणि स्वतःच्या देहाशी असलेला आक्कांचा सलोखाही कळतो. असा तपशील शोधायला वेळ द्या. दाई, हेडमास्तरीण, खानावळ चालवणारी मावशी, वारीत पुढे चालून अभंगाला सूर देणारी आजी, यांचे देह आपल्या साहित्यात अजून नीट लिहिले गेलेले नाहीत.

सातवी पायरी: काळ तपासा

लठ्ठपणाचा अर्थ काळागणिक बदलतो. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जाचे कागद जाळले. सुरुवात सुप्याच्या बाजारात झाली. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला. अशा दिवसांत कुणाच्या अंगावर मांस आहे याचा अर्थ त्याच्या घरात धान्य आहे असा सरळ होता. दोंदवाला सावकार हा साचा त्या काळात खोटा नव्हता. पण आजच्या कथेत तोच सावकार तसाच्या तसा आणला तर तो कागदी वाटतो. आज शहरात पैसेवाल्याकडे व्यायामशाळेत जायला वेळ असतो आणि रात्रपाळी करून वडापाववर दिवस काढणाऱ्या रखवालदाराचं पोट सुटलेलं असतं. १९७२ च्या दुष्काळातली गोष्ट लिहीत असाल, खडी फोडण्याच्या कामावरची, तर भरल्या अंगाचा मुकादम लोकांच्या नजरेत कसा खुपला असेल ते वेगळं लिहायलाच नको, नुसता त्याला रांगेसमोर उभा करा.

लठ्ठ माणूस आनंदी आणि दिलदार असतो, हाही साचाच आहे, दिसायला प्रेमळ म्हणून जास्त फसवा. वर सांगितलेल्या कॉलिन्सच्या कादंबरीत फॉस्कोचं वर्णन करणारी मॅरियन याच समजुतीवर वाद घालते आणि इतिहासातल्या लठ्ठ व क्रूर माणसांची नावंच पुढे करते. स्वभाव आणि घेर यांची गाठ मारू नका, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आठवी पायरी: खऱ्या माणसाबद्दल लिहिताना

व्यक्तिचित्रात किंवा मृत्युलेखात किलोचा आकडा देऊ नका. त्या माणसाच्या देहाबद्दलचा विनोद त्याने स्वतः केलेला असेल तरच तो त्याच्या नावाने द्या.

देहाचा उल्लेख करायचाच कशाला, हा प्रश्न दर वेळी विचारा. आचार्य अत्र्यांवर लिहिताना त्यांचा धिप्पाड देह टाळता येत नाही, कारण तो देह, तो आवाज आणि ती हजारोंची सभा हे सगळं मिळूनच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले अत्रे होतात. तिथे देह हा वक्तृत्वाचा भाग आहे.

राजर्षी शाहू महाराजांचं उदाहरण याहून खोल जातं. उंचेपुरे, प्रचंड देहाचे, कुस्तीचे आश्रयदाते, खासबागेचं मैदान उभं करणारे. त्यांच्या देहयष्टीबद्दल कुणीही पानभर लिहू शकेल. पण गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं तेव्हा महाराज तिथे जाऊन सर्वांदेखत चहा पीत. त्या काळात अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा. हा प्रसंग लिहिताना महाराजांच्या देहाचा उपयोग एकाच गोष्टीसाठी आहे: असा माणूस रस्त्यात थांबला तर तो कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही, आणि त्याने काय केलं ते साऱ्या गावाला दिसणारच. इथे छातीचं माप, मिशा, फेटा यांत अडकलात तर प्रसंग हातचा गेला. एक ओळ देहाला, बाकी सगळी जागा त्या कपाला.

नववी पायरी: मात्रा आणि दुरुस्ती

पहिल्या भेटीत देहाचे दोन, फार तर तीन तपशील द्या. पुढे त्यातला एकच अधूनमधून येऊ द्या. दर पानावर ‘आपला अवाढव्य देह सांभाळत’ लिहिलंत तर वाचक पात्राचं नाव विसरेल आणि नुसता देह लक्षात ठेवेल. हत्ती, डोंगर, पोतं, रणगाडा या उपमा पहिल्या खर्ड्यातच कापा.

दुरुस्ती कशी करायची ते एका नमुन्यावर पाहू. मूळ परिच्छेद असा:

तात्या खूप जाड होते. त्यांचं पोट पुढे आलेलं होतं आणि चालताना ते हत्तीसारखे डुलत. त्यांच्या भारदस्त व्यक्तिमत्त्वामुळे सगळे त्यांना वचकून असत. ते बसले की खुर्ची करकरायची.

चार वाक्यं, चारही तयार माल. ‘खूप जाड’ कुणाच्या नजरेने, ठाऊक नाही. हत्ती उसना आहे. वचक सांगितला आहे, दाखवलेला नाही. खुर्चीबद्दल आधी बोललोच. आता दुसरा खर्डा:

ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढताना तात्या मध्येच थांबायचे. थांबले की वळून मागच्या माणसाशी बोलायला लागायचे, म्हणजे दम खायला थांबलेत असं वाटू नये. वर त्यांची खुर्ची ठरलेली, लाकडी, हात नसलेली. दुसरं कुणी तिच्यावर बसत नसे, आणि बसू नका असं तात्या कधी म्हणालेही नव्हते. टेकले की उपरणं मांडीवर घ्यायचे, एक तळवा पोटावर ठेवायचे आणि विचारायचे, “हं, कुणाचं काय राहिलंय?”

जाडपणा तिथेच आहे: थांबण्यात, हात नसलेल्या खुर्चीत, पोटावरच्या तळव्यात. दम लागतो हेही लपवलेलं नाही, कारण मान राखणं म्हणजे अडचणी पुसून टाकणं नव्हे. वचकाच्या जागी रिकामी राहणारी खुर्ची आली. शेवटचा प्रश्न काढून टाकून परिच्छेद पुन्हा वाचून पाहा. तात्या नुसतेच मोठे उरतात, आणि लोक त्यांची खुर्ची का राखून ठेवतात ते कळेनासं होतं. म्हणून तुमच्या खर्ड्यात काटछाट करायची वेळ आली तर तळवा गेला तरी चालेल, उपरणं गेलं तरी चालेल, तो प्रश्न ठेवा.